पुस्तिकेने आईशी बोलावे



नव्या कुकरसोबत माहितीपुस्तिका येते. अक्षर बारीक, भाषा बहुधा इंग्रजी; म्हणून ती कपाटात पडून राहते. आता काही खोक्यांवर क्यूआर कोड असतो. मोबाईल धरला की माहिती उघडते. पण तीच पाने पुन्हा दाखवून काय उपयोग?

आम्ही म्हणतो, पुस्तिकेने मराठीत बोलून विचारावे : 'शिट्टी होत नाही? गॅस बंद करा. वाफ पूर्ण जाऊ द्या. आता झाकण उघडा. पाणी होते का? रिंग सैल आहे का? नळीत डाळ अडकली का?' वितळलेल्या सेफ्टी व्हॉल्व्हच्या जागी नवाच बसवावा, हेही बजावावे.

जिला शाळा मिळाली नाही, त्या आईचाही ज्ञानावर हक्क आहे. कंपन्यांना तशी पत्रे लिहू या. तोवर लेकींनी पुस्तिका वाचून दाखवावी.