डॉक्टर बदलावा काय?

परळी-लातूर रोड लोहमार्गावरील घाटनांदूर हे अंबाजोगाई तालुक्यातील गाव आमच्या काही वाचकांचे आजोळ असेल, तर काहींस ते केवळ स्थानकावरील पाटीपुरते ठाऊक असेल. अशा गावी राहणाऱ्या पंचावन्न वर्षांच्या आईविषयी शहरातील सुशिक्षित कन्येस आज एक नवी चिंता पडू लागली आहे. स्तनांच्या तपासणीचा विषय निघताच गावचे डॉक्टर म्हणतात, "काही त्रास नाही ना? मग कशाला?" आणि कन्या विचारते, हा डॉक्टर आता बदलावा काय?

प्रश्न घरगुती दिसतो खरा. परंतु २०२२ या एका वर्षात भारतात स्तनाच्या कर्करोगाचे सुमारे एक लाख ब्याण्णव हजार नवे रुग्ण आढळले असावेत आणि अठ्ठ्याण्णव हजारांच्या आसपास स्त्रिया त्याने दगावल्या असाव्यात, असा आंतरराष्ट्रीय अंदाज आहे. मृत्यूचे हे प्रमाण इतके मोठे असण्याचे एक प्रमुख कारण म्हणजे आपल्याकडे रोगी उशिरा डॉक्टरांपुढे येतो. तेव्हा या प्रश्नाचा विचार मोकळेपणाने झाला पाहिजे.

डॉक्टर बदलणे आपल्या समाजात सोपे नाही. ज्यांनी मध्यरात्री सायकलवरून येऊन सासऱ्यांना तपासले, मुलांचे गोवर-कांजिण्या निभावल्या, फीचे पैसे सुगीपर्यंत थांबवले, त्यांस सोडणे हा कृतघ्नपणा वाटतो. त्यात आईची लाज. तीस वर्षे ज्यांना 'डॉक्टरसाहेब' म्हटले त्यांच्यापुढे पदर बाजूस करावयाचा, ही कल्पनाच तिला असह्य होते. आणि खरे सांगावयाचे तर तितकाच संकोच डॉक्टरांसही असतो. "कशाला?" या त्यांच्या उत्तरात वैद्यकीय मत किती आणि हा संकोच किती, हे सांगणे कठीण आहे.

तथापि कन्येचेही एका बाबतीत चुकते. जो मॅमोग्राफीस पाठवीत नाही तो डॉक्टर जुनाट, असे तिने धरून ठेवले आहे. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयाने १९९८ साली सुरू केलेला प्रयोग तिने ध्यानी घ्यावा. पस्तीस ते चौसष्ट वयाच्या दीड लाखाहून अधिक स्त्रिया त्यात होत्या. त्यांपैकी निम्म्या वस्त्यांतील स्त्रियांची, शिक्षण दिलेल्या आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी केवळ हाताने तपासणी केली. यंत्र नाही, चित्र नाही. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, या स्त्रियांत रोग तुलनेने आधीच्या अवस्थेत सापडला आणि पन्नाशीवरील स्त्रियांत मृत्यूचे प्रमाण जवळजवळ तीस टक्क्यांनी घटले. पन्नाशीच्या आतील स्त्रियांत मात्र मृत्यू घटल्याचे दिसले नाही, हेही सांगितले पाहिजे. केंद्र सरकारच्या २०१६ च्या मार्गदर्शक सूचनांतही तीस ते पासष्ट वयाच्या स्त्रियांसाठी दर पाच वर्षांनी अशीच हाताने तपासणी सांगितली आहे. म्हणून यंत्राकडे न पाठविणारा परंतु स्वतः नीट तपासणारा, अथवा स्त्री डॉक्टरांकडून वा परिचारिकेकडून तपासून घेणारा डॉक्टर सोडण्याचे कारण आम्हांस दिसत नाही. उलट "कशाला?" म्हणून विषय मिटविणाऱ्यांस या सूचनांचा आधार नाही. त्यांस एकदा स्पष्ट विचारावे, आणि उत्तर तेच आले तर या तपासणीपुरता दुसरा डॉक्टर पाहावा. तापखोकल्यास जुनेच डॉक्टर राहिले म्हणून कोणाचा अपमान होत नाही.

गाठ हाताला लागली, त्वचेस खळी पडली, स्तनाग्र आत ओढले गेले किंवा त्यातून रक्त आले, तर मात्र गोष्ट निराळी. मग ती चाळणी तपासणी उरत नाही. तो निदानाचा प्रश्न होतो. प्रत्यक्ष तपासणी, मॅमोग्राफी वा सोनोग्राफी, आणि सुईने काढलेल्या नमुन्याची परीक्षा, या तिन्हींचा मेळ घालून निर्णय करावयाचा असतो. हाताला लागणारी गाठ कधी कधी मॅमोग्राफीत दिसत नाही. म्हणून चित्र निर्मळ आले तरी गाठ निर्दोष ठरत नाही. हात न लावता "दुखत नाही ना, मग घाबरू नका" असे सांगून जो डॉक्टर घरी पाठवितो, त्यास सोडण्यास आम्ही एक आठवडाही लावणार नाही. कर्करोगाची गाठ पुष्कळदा दुखत नाही, हेच तिचे कपट आहे.

परक्या डॉक्टराचे मत घेण्याचा रोग्यास अधिकार आहे. आपल्या कागदपत्रांची मागणी केल्यास डॉक्टरांनी ती बहात्तर तासांत द्यावीत, असा वैद्यकीय परिषदेचा २००२ सालचा नियम सांगतो. घाटनांदूरकरांस त्यासाठी मुंबई गाठावयास नको. अंबाजोगाईचे स्वामी रामानंद तीर्थ वैद्यकीय महाविद्यालय तालुक्याच्या गावीच आहे. अडचण निघते ती दिवस ठरविताना. आधी काढणी, मग लग्नसराई, मग धाकटीचे बाळंतपण, अशी आईची तारीख पुढे सरकत राहते. तेव्हा फोनवर "डॉक्टर काय म्हणाले?" एवढ्यावर कन्येने थांबू नये. त्यांनी हाताने तपासले काय, हे विचारावे. आणि नसेल तर रजा काढून पहिल्या गाडीने गावी जावे.