गाणे जपानी, गळे परदेशी

गिटार घेऊन गाणाऱ्या दोन अमेरिकन मुली आणि गाणे मात्र चक्क जपानी! १९६९ साली जपानी रसिकांना हे नवल ऐकायला मिळाले. हवाई बेटांवरून आलेल्या बेट्सी आणि क्रिस यांचे 'शिरोई इरो वा कोइबितो नो इरो' हे पहिलेच गाणे तिथे खूप गाजले. पांढरा रंग हा प्रिय माणसाचा रंग, असा त्या नावाचा अर्थ.

चाल काझुहिको कातो यांची, शब्द ओसामु कितायामा यांचे. दोघेही १९६८ मध्ये मोडलेल्या 'फोक क्रुसेडर्स' या क्योतोच्या गाजलेल्या कॉलेज-चमूतले. कितायामा तर तेव्हा डॉक्टरकी शिकत होते!

परक्या भाषेत बोलणे वेगळे आणि गाणे वेगळे. इंग्रजी बोलणारे शब्दातल्या एखाद्या अक्षरावर जोर देतात, बाकीची उरकून टाकतात. जपानीत तसे चालत नाही. तिथे प्रत्येक अक्षराला साधारण सारखाच वेळ द्यावा लागतो आणि स्वर लांबला तर अर्थच बदलतो. 'इए' म्हणजे घर, 'ईए' म्हणजे नाही. दिन आणि दीन यांच्या फेऱ्यात सापडलेल्या आपल्या शाळकरी मुलांना हे लगेच पटेल. त्यातून दोघींनी एकत्र गायचे, म्हणजे एकीने स्वर जेवढा लांबवला तेवढाच दुसरीनेही लांबवायला हवा.

परदेशी मुली जपानी गातात याचे कौतुक चार दिवसांचे. या दोघी मात्र १९७३ पर्यंत जोडीने गात राहिल्या. मग जोडी फुटली. त्यांचे ते पहिले गाणे जपानी गायक-गायिकांनी पुढेही आपापल्या आवाजात म्हटले.