दरसूचीबाहेरची ओळ

बीड सोडून धुळे–सोलापूर महामार्गाने दक्षिणेस निघालेला प्रवासी घाट चढून बालाघाटाच्या पठारावर मांजरसुंब्यास येतो, आणि पाटोद्याकडून केज-अंबाजोगाईकडे जाणारा रस्ताही येथेच त्या महामार्गास मिळतो. या चौफुलीमुळे परिसरात हॉटेले, गोदामे, शाळाखोल्या, सभामंडप यांची बांधकामे एकामागून एक उभी राहतात, आणि त्या प्रत्येकाच्या आरंभी एक अंदाजपत्रक असते. ते आज एक्सेलच्या तक्त्यात तयार होते, एवढाच काय तो फरक; वर्णन, एकक, परिमाण, दर आणि रक्कम ही त्यातील रकान्यांची शिस्त कागदी दप्तराच्या काळापासून चालत आलेली आहे. त्या शिस्तीत बहुतेक बाबी विनासायास बसतात, कारण खोदाई, काँक्रीट, विटकाम, गिलावा यांचे दर सार्वजनिक बांधकाम विभागाच्या दरसूचीत तयार सापडतात. प्रश्न उरतो तो जिच्यासाठी दरसूचीत ओळच नाही, जी या एकाच जागी आणि या एकाच कामापुरती उद्भवली आहे, अशा बाबीचा.

अशा बाबी मराठवाड्यात अपवादात्मक नाहीत. काँक्रीटवर साधे सिमेंट असल्यास किमान सात दिवस, आणि मिश्र सिमेंट असल्यास किंवा हवा कोरडी व उष्ण असल्यास किमान दहा दिवस पाणी मारले पाहिजे, असे भारतीय मानक सांगते. परंतु ज्या प्रदेशात २०१६ च्या उन्हाळ्यात लातूर शहरास मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, तेथे ते पाणी आवारातील विहिरीचे असेल असे गृहीत धरणारा दर वास्तवास धरून राहत नाही. टँकरचा खर्च ठेकेदाराने आपल्या दरातच सोसावा, असे म्हणणे नियमास धरून असेलही. तथापि ज्या खर्चाची तजवीज कोठेच केलेली नाही तो ठेकेदाराच्या खिशातून क्वचितच जातो, तो बहुधा पाणी मारण्याच्या दिवसांतून कापला जातो, आणि त्याची किंमत पुढे गळणारा स्लॅब वर्षानुवर्षे चुकवीत राहतो. म्हणून टँकरची ओळ अंदाजपत्रकात उघडपणे असावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर हाच प्रश्न फार मोठ्या प्रमाणावर उपस्थित झाला. मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती, त्यांवरील माळवदाचा भार, भिंतीच्या दोन्ही अंगांस जोडणाऱ्या आरपार दगडांचा अभाव, अशा घरांचे मजबुतीकरण करावयाचे म्हणजे जुन्या भिंतीस भोक पाडून त्यात काँक्रीट भरणे, कोपरे बांधून घेणे, छपरावरची माती उतरवून कमी करणे. नव्या इमारतींच्या हिशेबाने रचलेल्या दरसूचीत असल्या कामांस सहज स्थान मिळणारे नव्हते, आणि तरीही माणसांचे प्राण याच कामांवर अवलंबून होते. जुन्या बारवेच्या किंवा गढीच्या डागडुजीत चुन्याचे काम निघाले की आजही तीच अडचण पुढे येते.

अशा वेळी सर्वांत सोपी वाट म्हणजे 'लमसम' असे लिहून एक गोल रक्कम टाकणे, आणि हीच वाट सर्वांत घातक आहे. ज्या ओळीस एकक नाही तिची मोजणी होत नाही, जिची मोजणी होत नाही तिचा जाब कोणास विचारता येत नाही, आणि जी एकदा मंजूर झाली ती पुढील कामाच्या तक्त्यात तशीच नकलून येते, मग तेथे तिचे प्रयोजन असो वा नसो. याउलट, त्या ओळीखाली दर पृथक्करण दिले, म्हणजे साहित्य किती, मजूर किती व कोणत्या रोजाने, वाहतूक किती अंतराची, दरपत्रक कोणत्या तारखेचे, हे मांडले, तर आकडा उद्या चुकला तरी तो नेमका कोठे चुकला हे दाखविता येते.

तक्त्याच्या स्वभावातूनही काही धोके निर्माण होतात. शेवटी घाईने घातलेली ओळ बेरजेच्या सूत्राच्या कक्षेबाहेर राहिली, तर ती डोळ्यांस दिसते पण बेरजेत येत नाही. मुरूम किंवा खडी विकणारा दर सांगतो तो ब्रासचा, म्हणजे शंभर घनफुटांचा. तक्ता मागतो घनमीटर, आणि एका ब्रासचे घनमीटर साधारण २.८३ होतात, त्यामुळे ब्रासचा दर घनमीटरच्या रकान्यात तसाच उतरविला की त्या ओळीची रक्कम जवळजवळ तिप्पट होते. दुकानदाराच्या दरपत्रकात कर व भाडे पुष्कळदा अगोदरच धरलेले असते; तक्ता खाली पुन्हा कर आकारतो, आणि मालकास तो दोनदा भरावा लागतो.

सबब, दरसूचीबाहेरच्या सर्व बाबी त्याच फाईलमध्ये स्वतंत्र पानावर, पृथक्करणासह आणि तारखेसह असाव्यात, मुख्य पानावर त्यांची रक्कम सूत्रानेच यावी, हाताने टंकली जाऊ नये, आणि ग्रामपंचायतीच्या कामांत ते पान ग्रामसभेपुढे वाचले जावे. सिमेंटचा प्रमाणित दर गावातील शेतकऱ्यास पारखता येणार नाही कदाचित. परंतु टँकरची खेप कोठून येते, तिला काय पडते आणि कामावर खरोखर किती खेपा आल्या, हे त्यास अभियंत्याहून अधिक ठाऊक असते, आणि देयक निघण्यापूर्वी त्या खेपांची तारीखवार नोंद मोजमाप पुस्तिकेत पाहण्याचा त्याचा आग्रह सर्वस्वी रास्त आहे.