विश्लेषण : ‘मॉडिफाइड’ गाडीतील टर्बोचा वाढीव बूस्ट आवरायचा कसा?

पुण्यात वाहतूक पोलिसांची मोहीम निघाली, की कर्कश आवाजाचे सायलेन्सर जप्त होतात. आवाज कानावर पडतो, म्हणून कारवाई होते. मात्र त्याच गाडीच्या इंजिनात टर्बोचा दाब किती वाढवला आहे, हे ना कानाला कळते ना डोळ्याला दिसते. हा दाब, म्हणजेच ‘बूस्ट’, मर्यादेपलीकडे गेला तर इंजिन फुटू शकते, विमा अडकू शकतो आणि भर रस्त्यात गाडी दगा देऊ शकते. बूस्ट हाताबाहेर का जातो, तो कसा आवरतात आणि कायदा त्याविषयी काय सांगतो?

टर्बो बूस्ट म्हणजे काय?

इंजिनातून बाहेर पडणाऱ्या तप्त वायूने एक चक्र फिरते. त्याच दांड्यावरचे दुसरे चक्र बाहेरची हवा दाबून इंजिनात ढकलते. हवा जास्त, म्हणून इंधन जास्त आणि ताकदही जास्त. स्विस अभियंते आल्फ्रेड ब्युची यांनी १९०५ मध्ये या कल्पनेचे पेटंट घेतले. वातावरणाच्या दाबापेक्षा टर्बो जेवढा अधिक दाब देतो, तो बूस्ट. तो ‘बार’ किंवा ‘पीएसआय’मध्ये मोजतात, १ बार म्हणजे साधारण १४.५ पीएसआय. छोट्या इंजिनातून मोठी ताकद काढण्याचा हा मार्ग आता सर्वसामान्यांच्या गाड्यांतही आला आहे. चाकणच्या कारखान्यातून बाहेर पडणाऱ्या फोक्सवॅगन आणि स्कोडाच्या एक लिटर टीएसआय गाड्या त्याच जातीच्या आहेत.

मूळ गाडीत बूस्टवर ताबा कोणाचा?

टर्बोचे चक्र मिनिटाला दोन लाखांच्या घरात फेरे घेऊ शकते. वायू वाढला की चक्राचा वेग वाढतो, वेग वाढला की हवा वाढते आणि हवा वाढली की वायू आणखी वाढतो. हे चक्र तोडण्यासाठी ‘वेस्टगेट’ नावाची झडप असते. ठरलेला दाब आला की ती उघडते आणि जादा वायू चक्राला वळसा घालून थेट धुराड्यात जातो. ही झडप स्प्रिंग असलेला ‘ॲक्च्युएटर’ हलवतो. अनेक गाड्यांत त्याच्याकडे जाणारा दाब इंजिनाचा संगणक, म्हणजे ईसीयू, एका सोलेनॉइडद्वारे कमी-जास्त करतो; नव्या गाड्यांत ॲक्च्युएटरच विजेवर चालतो. दाब फारच वाढला तर ईसीयू इंधन तोडतो किंवा गाडीला कमी ताकदीच्या ‘लिम्प मोड’मध्ये टाकतो.

अनेकांना वाटते, की ‘फुस्स’ आवाज करणारा ब्लो-ऑफ व्हॉल्व्ह बूस्ट कमी करतो. तसे नाही. ॲक्सिलरेटर सोडल्यावर अडकलेली हवा बाहेर सोडणे एवढेच त्याचे काम.

मॉडिफिकेशननंतर तो हाताबाहेर का जातो?

कारणे मुख्यतः तीन. पहिले, मोकळे धुराडे. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर काढून रुंद पाइप बसवला, की वायूला अडथळा उरत नाही आणि टर्बो अधिक जोरात फिरतो. वेस्टगेट पूर्ण उघडूनही त्यातून जादा वायू जाण्याइतकी जागा नसते. मग इंजिनाचे फेरे वाढतील तसा दाब चढतच जातो. याला ‘बूस्ट क्रीप’ म्हणतात. म्हणजे जे धुराडे आवाजामुळे पोलिसांच्या डोळ्यांवर येते, तेच आत बूस्टही वाढवत असते.

दुसरे, ‘बूस्ट स्पाइक’. ॲक्सिलरेटर दाबताच झडप वेळेत उघडली नाही, तर क्षणभर दाब उसळतो. तिसरे कारण क्षुल्लक वाटणारे, पण नेहमीचे. ॲक्च्युएटरकडे जाणारी रबरी नळी फाटते, निसटते किंवा चुकीच्या ठिकाणी जोडली जाते. झडपेपर्यंत दाब पोहोचलाच नाही, तर ती उघडणार कशी?

जादा दाबाने नेमके काय बिघडते?

हवा दाबली की तापते. तापलेल्या हवेत इंधनाचा काही भाग वेळेआधी आपोआप पेटतो आणि पिस्टनवर हातोड्यासारखे घाव बसतात. हेच ‘नॉकिंग’. त्यातून पिस्टनच्या कडा तुटतात, गॅस्केट उडते, कनेक्टिंग रॉड वाकतो. इंधनाचा पुरवठा हवेच्या प्रमाणात वाढला नाही, तर तापमान आणखी चढते.

येथे पेट्रोलचा दर्जा कळीचा ठरतो. बीएस-६ मानकातील नियमित पेट्रोलचे किमान ऑक्टेन ९१. इंडियन ऑइलचे १०० ऑक्टेन पेट्रोल डिसेंबर २०२० मध्ये ज्या दहा शहरांत आले, त्यांत पुणे होते. पुण्यात हे इंधन भरून गाडी ‘ट्यून’ केली आणि साताऱ्याच्या पुढे साधे पेट्रोल भरले, तर तोच बूस्ट घातक ठरू शकतो. शिवाय पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंचावर आहे. हवा थोडी विरळ असल्याने तोच एकूण दाब गाठण्यासाठी टर्बोला अधिक राबावे लागते. एप्रिल-मेच्या उन्हात खंबाटकी घाट चढताना हा ताण वाढतो.

मग उपाय काय?

आधी मोजमाप. डॅशबोर्डवर नुसते मीटर लावून भागत नाही. बूस्ट, इग्निशन आणि नॉकिंगच्या नोंदी एकत्र तपासाव्या लागतात. नंतर नळ्या, क्लॅम्प, सोलेनॉइड आणि झडपेची हालचाल पाहायची. स्पाइक असेल तर संगणकातील नियंत्रण सुधारता येते. क्रीप मात्र सॉफ्टवेअरने पुरता जात नाही, कारण झडप आधीच पूर्ण उघडलेली असते. तेथे वेस्टगेटचे तोंड मोठे करणे, स्वतंत्र मोठा वेस्टगेट बसवणे किंवा मूळ धुराडे परत लावणे हेच पर्याय उरतात. बाजारात मिळणारा हाताने फिरवायचा बूस्ट कंट्रोलर दाब वाढवू शकतो, पण ॲक्च्युएटरच्या स्प्रिंगने ठरवलेल्या दाबाखाली तो आणू शकत नाही. इंधन तोडणारी सुरक्षा बंद करणे हा उपाय नव्हे. ते घराचा फ्यूज काढून तार जोडण्यासारखे आहे.

शर्यतीच्या जगाचा अनुभव काय?

निष्णात अभियंत्यांचा ताफा असलेल्या फॉर्म्युला वनलाही बूस्टला वेसण घालावी लागली. १९८० च्या दशकात टर्बो इंजिनांची ताकद बेसुमार वाढल्यावर १९८७ मध्ये दाबावर ४ बारची मर्यादा आली आणि ठरावीक दाबाला उघडणारा व्हॉल्व्ह सक्तीचा झाला. पुढच्याच वर्षी ती २.५ बारवर आणली गेली. १९८९ मध्ये टर्बोवर बंदीच आली. तो परतला थेट २०१४ मध्ये.

कायदा काय सांगतो?

मोटार वाहन कायदा, १९८८ मधील कलम ५२ नुसार उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल मालकाला करता येत नाही. सीएनजी संच बसवण्यासारख्या बदलांना नियमांनुसार मुभा आहे. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये केरळमधील एका प्रकरणात हीच भूमिका स्पष्ट केली. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२ अ नुसार नियमबाह्य बदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, अथवा दोन्ही होऊ शकते. ध्वनी आणि प्रदूषणाच्या मानकांचा भंग कलम १९० खाली येतो. विमा कंपनीला बदल न कळवल्यास भरपाईचा दावा अडचणीत येतो आणि उत्पादकाची वॉरंटीही हातची जाऊ शकते.

तरीही हे बदल सापडत का नाहीत?

नव्या गाडीला बाजारात येण्यापूर्वी कठोर चाचण्यांतून जावे लागते. त्या घेणारी, १९६६ मध्ये स्थापन झालेली एआरएआय ही संस्था पुण्यातच वेताळ टेकडीवर आहे. पण गाडी एकदा रस्त्यावर आली, की खासगी मोटारीची सक्तीची तपासणी बहुतांशी पीयूसीपुरती उरते. ती चाचणी उभ्या गाडीची, भार नसताना होते. अशा वेळी टर्बो जवळपास बूस्टच देत नाही. म्हणजे ज्या अवस्थेत दोष दिसतो, ती अवस्था चाचणीत येतच नाही. ईसीयूतील मूळ सॉफ्टवेअर बदलले आहे का, हे पाहण्याची सोय रस्त्यावरच्या पोलिसाकडे नसते.

वेगाची किंमत पुण्याने १९ मे २०२४ रोजी कल्याणीनगरमध्ये पाहिली. दोन तरुण जिवांचा बळी घेणारी ती पोर्शे इलेक्ट्रिक होती. तिथे टर्बोचा संबंध नव्हता. मात्र तिची कायम नोंदणीही झालेली नव्हती, हे अपघातानंतर उघड झाले. गाडीची कागदपत्रेही वेळेत तपासली जात नसतील, तर बॉनेटखालचा दाब कोण तपासणार, हा प्रश्न उरतोच. तोवर वेस्टगेटची झडप आणि चालकाचा उजवा पाय, एवढ्याच दोन गोष्टींवर भिस्त आहे.