‘बाकीच्या’ बायकांचं रक्त

पोषण महिना आला, की सरकारी अंगणात कडधान्यांची रांगोळी उमटते. यंदाही मटकी-मुगाची नक्षी काढून झाली, तुरीच्या डाळीत ‘रक्तक्षयमुक्त गाव’ अशी अक्षरं भरून झाली आणि फोटो वर पाठवून झाले. फ्लेक्सवरचे पाहुणे वाढले, की गावातलं हिमोग्लोबिन घटतं, हा या स्तंभाचा जुना सिद्धांत. त्याला एकाही सर्वेक्षणाचा आधार अजून मिळालेला नाही आणि तो मागे घेण्याचा विचारही नाही.

पण या आठवड्यात डोकं फिरवलं ते रांगोळीने नव्हे, रांगेने. तालुक्याच्या गावी मांडव घातलेला, टेबलावर बोटाला टोचून रक्त तपासायचं यंत्र, शेजारी लाल गोळ्यांच्या पट्ट्या. माईकवरून पुकारा झाला, “गरोदर माता पुढे या. बाकीच्यांनी थांबा, सामान उरलं तर बघू.” सामान उरलं नाही. ‘बाकीच्या’, म्हणजे एका दिवसाची मजुरी बुडवून आलेल्या बायका, चहा घेऊन परतल्या. ज्यांना गोळ्या मिळाल्या, त्यांच्यातल्या काहींनी पहिली गोळी तिथेच चहाच्या घोटाबरोबर गिळली. चहाने लोह अंगी लागत नाही, लिंबाने लागतं, हे मागच्या फ्लेक्सवर ठळक छापलेलं होतं.

माईकवरचं ते वाक्य कुणा एका कर्मचाऱ्याचं नाही, व्यवस्थेचं आहे. सरकारचेच आकडे तसं सांगतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या चौथ्या फेरीत (२०१५-१६) महाराष्ट्रातल्या ४९.३ टक्के गरोदर बायकांना रक्तक्षय होता; पाचव्या फेरीत (२०१९-२१) हा आकडा ४५.७ वर आला. त्याच काळात १५ ते ४९ वयाच्या एकूण बायकांचा आकडा ४८ वरून ५४.२ वर गेला. १५ ते १९ च्या पोरींचा तर ४९.७ वरून ५७.२ वर. राज्य तेच, बाजारहाट तोच, ज्वारी-बाजरीचे भाव तेच. गरोदर बायकांचा आकडा तेवढा खाली आला, बाकीच्यांचा चढला.

यावर जाणकार दोन हरकती घेतील. गरोदर बाईसाठी रेषा ११ ग्रॅमची आणि इतरांसाठी १२ ची, त्यामुळे दोन्ही आकडे शेजारी ठेवू नयेत. मान्य, म्हणून इथे आकडे नव्हे, त्यांच्या दिशा ताडून पाहिल्या आहेत. दुसरी हरकत अशी, की बोटातून घेतलेल्या थेंबाची तपासणी शिरेतल्या रक्ताइतकी नेमकी नसते. असेल, पण गरोदर बाईलाही बोटच असतं.

फरक पडतो तो पाठपुराव्याने. दिवस राहिले, की नाव नोंदलं जातं, कार्ड मिळतं, दर महिन्याच्या ९ तारखेला दवाखान्यात मोफत तपासणी असते. आशाताई घरी येऊन विचारते, गोळ्या संपल्या का, मळमळतं का. शौचाला काळं होतं त्याला घाबरू नको, असंही सांगते. १८० दिवस रोज एक गोळी, बाळंतपणानंतर आणखी १८० दिवस. गोळी काही नवी नाही, राष्ट्रीय कार्यक्रमात ती १९७० पासून वाटली जाते. पण कुणीतरी घरी येऊन विचारतं, तेव्हाच ती फळीवरून पोटात जाते.

पुढे मूल मोठं होतं आणि आई नोंदवहीतून गळते ती थेट पुढच्या खेपेपर्यंत. पोरींना शाळेत आठवड्याला निळी गोळी मिळते. शाळा सुटली, की गोळी देण्याची जबाबदारी अंगणवाडीवर आणि पोरगी दिवसभर रानात. २०१८ च्या ‘ॲनिमियामुक्त भारत’मध्ये २० ते ४९ वयाच्या, गरोदर नसलेल्या बाईलाही आठवड्याला एक लाल गोळी आहे. ती किती जणींनी पाहिली, हे कुठल्याही गावच्या पाणवठ्यावर विचारून बघावं. मग दहा वर्षांत आटलेलं रक्त सहा महिन्यांत भरून काढायची धावपळ होते. त्याच कार्यक्रमाचं उद्दिष्ट होतं वर्षाला ३ टक्क्यांची घट. ज्यांच्यावर सगळी यंत्रणा लावली, त्या गरोदर बायकांतही दोन फेऱ्यांमध्ये मिळून उतरले ते ३.६.

बीडच्या ऊसतोड मजूर बायकांवर या स्तंभात पूर्वी लिहिलं आहे, पुन्हा सगळं उगाळायला नको. २०१९ च्या चौकशीत ८२ हजारांवर बायकांपैकी १३ हजारांहून अधिक जणींचं गर्भाशय काढलेलं निघालं. महिन्याच्या महिन्याला अंगावरून जाणारं रक्त कुणी वेळीच मोजलं असतं, तर यातल्या काही जणींचा इलाज कदाचित गोळ्यांवर भागला असता. पण त्या ‘बाकीच्या’ होत्या.

नवी योजना कुणी मागत नाही. गावोगावी बचत गटाची बैठक ठरल्या वारी होते, हजेरी लागते, वहीत रुपया न् रुपया टिपला जातो. त्याच वहीत गोळीचा एक रकाना आणि तीन महिन्यांनी एचबीचा एक आकडा आखायला कुणाची मंजुरी लागते, हे जिल्हा परिषदेने सांगावं. रकाना मंजूर झाला, तर त्याच्या उद्घाटनाचा फ्लेक्स या स्तंभाला खुशाल चालेल.