थोरलीची सुट्टी

सिंगापूरच्या सहलीला जोडून तीन-चार रात्रींची क्रूझ, हा आता मराठी मध्यमवर्गाच्या परदेशवारीचा ठरलेला भाग झाला आहे. २०२१ पासून मुंबईच्या बंदरातून गोवा-लक्षद्वीपकडे जाणारी क्रूझही निघू लागली, त्यामुळे पासपोर्ट न काढताही ही हौस भागवता येते. सहल कंपनीच्या रंगीत माहितीपत्रकात पोहण्याचा तलाव असतो, रात्रीचे कार्यक्रम असतात, जैन जेवणाची ग्वाही असते. 'मुलांसाठी स्वतंत्र क्लब' एवढी एक ओळ कुठेतरी कोपऱ्यात असते. आईबाप ती वाचून सुटकेचा निःश्वास टाकतात. ज्यांना दोन मुले आहेत त्यांनी मात्र तिथे जरा थांबावे. आपली मुले त्या क्लबात एकाच दारातून आत जाणार की दोन वेगळ्या दारांतून, हे त्या ओळीत लिहिलेले नसते.

या क्लबांची रचना सगळीकडे साधारण एकच. मूल तीन वर्षांचे झाले आणि त्याला स्वच्छतागृहात आपले आपण जाता येऊ लागले, की प्रवेश. (काही जहाजे दोन वर्षांच्या मुलांनाही घेतात.) त्यापुढे वयाप्रमाणे गट. कार्निव्हल कंपनीच्या जहाजांवर २ ते ५, ६ ते ८ आणि ९ ते ११ असे तीन गट आहेत. नॉर्वेजियनच्या जहाजांवर ३ ते ५, ६ ते ९ आणि १० ते १२. एमएससीच्या जहाजांवर ३ ते ६ आणि ७ ते ११. त्यावरच्या किशोरांचे क्लब पुन्हा निराळे.

मी पस्तीस वर्षे बँकेत काढली, त्यामुळे आकडे दिसले की मांडून पाहण्याची खोड आहे. समजा, तुमची मुले पाच आणि सहा वर्षांची आहेत. कार्निव्हल आणि नॉर्वेजियनवर ती वेगळी होतील, एमएससीवर एकत्र राहतील. सहा आणि नऊ वर्षांची असतील तर नॉर्वेजियनवर एकत्र, बाकी दोन्हीकडे वेगळी. सात आणि अकरा वर्षांची भावंडे एमएससीवर एका खोलीत खेळतील, आणि त्याच जहाजावरची सहा आणि सात वर्षांची भावंडे मात्र दोन खोल्यांत. म्हणजे भावंडांच्या वयातले अंतर किती, याला फारसा अर्थ नाही. रेघ कुठे पडली, याला आहे.

रेघ ओढणाऱ्यांना मी दोष देणार नाही. बँकेतही आम्ही तेच करतो. दहा वर्षांवरच्या अज्ञान मुलाला बचत खाते स्वतः चालवण्याची मुभा रिझर्व्ह बँकेच्या नियमाने देता येते. साडेनऊ वर्षांचे मूल कितीही चुणचुणीत असले, तरी त्याला 'सहा महिन्यांनी ये' असेच सांगावे लागते. क्लबात तर शेकडो अनोळखी मुले असतात, पाच-पंचवीस देशांची, वेगवेगळ्या भाषा बोलणारी. तीन वर्षांच्या मुलाच्या हाती बारीक मणी देता येत नाहीत, दहा वर्षांच्या मुलाला मातीचे गोळे करण्यात राम वाटत नाही. साधारण आठ-नऊ वर्षांपुढच्या मुलाला आईवडिलांच्या परवानगीने क्लबातून एकट्याने बाहेर पडता येते, पण धाकट्या भावाला सोबत घेऊन जाता येत नाही. नऊ वर्षांच्या मुलीवर पाच वर्षांच्या मुलाची जबाबदारी टाकायला जहाज तयार नसते. यात जहाजाचे शहाणपण आहे.

प्रश्न येतो तो पुढच्या सवलतीपाशी. धाकट्याला वरच्या गटात घेत नाहीत, पण थोरल्याने खाली येऊन धाकट्याबरोबर बसायचे ठरवले तर अनेक ठिकाणी त्याला हरकत नसते. वरवर पाहता किती मायेचा नियम! पण तो एकाच दिशेने चालतो. भावंडे एकत्र राहावीत यासाठी दरवेळी पायरी उतरायची ती थोरल्यानेच.

गेल्या वर्षी मुलगा, सून आणि दोन नातवंडांबरोबर मीही अशा एका जहाजावर होते. नात नऊ वर्षांची, नातू पाच. पहिल्या दुपारी क्लबाच्या दाराशी नातवाने ताईचा फ्रॉक मुठीत धरला आणि भोकाड पसरले. तिथली मुलगी हसून म्हणाली, ताईला हवे तर इकडे बसता येईल. सून म्हणाली, "जा ना गं, तू मोठी आहेस ना?" झाले. पुढच्या दोन दुपारी नात त्या बुटक्या खुर्च्यांवर, गुडघे हनुवटीपर्यंत आलेले, कागदाचे मासे रंगवत बसली होती. पलीकडे तिच्या वयाच्या मुली कसल्याशा नाटकाची तयारी करत होत्या. तिसऱ्या दिवशी सकाळी केबिनमध्ये तिने हळूच विचारले, "आजी, आज मी माझ्या गटात गेले तर चालेल का?" ती चिडली असती, रुसली असती, तर मला इतके लागले नसते. स्वतःच्या सुट्टीसाठी ती परवानगी मागत होती.

'तू मोठी आहेस ना' हे आपल्या घराघरांतले वाक्य आहे. त्यात कौतुक असते म्हणून ते नाकारता येत नाही. मी स्वतः चार भावंडांत थोरली. लहानपणी मे महिन्यात भाऊच्या धक्क्यावरून कोकणच्या बोटीने आम्ही गावी जायचो. त्या बोटीवर कसला क्लब! वळकट्या, ट्रंका, फणसाचा वास आणि रात्रभर कुणाचे तरी उलट्या करणे. माझ्या पिढीतले लोक त्या प्रवासाच्या आठवणी काढून म्हणतात, बघा, आमची आम्ही कशी सांभाळली गेलो. मला मात्र देवगडपर्यंत दुखणारी माझी कंबर आठवते, कारण धाकटा भाऊ सारा वेळ तिथेच असे. आमची आम्ही सांभाळली गेलो नाही. कुणीतरी सांभाळत होते, आणि तेही मूलच होते.

ही गोष्ट महाराष्ट्रात एका बाईंनी फार आधी ओळखली होती. ताराबाई मोडक १९४५ साली ठाणे जिल्ह्यातल्या, आताच्या पालघर जिल्ह्यातल्या, बोर्डीला आल्या. पुढे १९५७ मध्ये त्यांनी आपले काम कोसबाडच्या टेकडीवर नेले. अनुताई वाघ त्यांच्या सहकारी. आदिवासी पाड्यांवरची मुले शाळेत का येत नाहीत याचे एक कारण त्यांना दिसले, ते मुलींच्या कडेवर होते. आईबाप कामावर गेले की धाकटे भावंड सांभाळायला थोरली घरी. तेव्हा ताराबाईंनी पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात आणली. त्या प्रयोगाचे नाव विकासवाडी. थोरलीने धाकट्याला घेऊन यावे, त्याला पाळणाघरात सोपवावे आणि स्वतः आपल्या वर्गात बसावे. मधूनच डोकावून त्याला पाहता येत होते, पण तिचा वर्ग तिचाच राहत होता.

कोसबाडचा पाडा आणि समुद्रावरचे ते बारा मजली वैभव यांची तुलना कुणाला विचित्र वाटेल. तिथे पोटाचा प्रश्न होता, इथे चैनीचा आहे, हे मला कळते. पण मुलीच्या बाजूने पाहिले तर प्रश्न एकच आहे. धाकट्याची सोय लावताना थोरलीचा वेळ कुणाच्या खात्यातून वळता केला जातो?

भावंडे वेगळी ठेवणे हाच उपाय, असेही मी म्हणणार नाही. निरनिराळ्या वयांची मुले एकत्र खेळण्यात मोठे बळ आहे. माँटेसोरी पद्धतीत तीन ते सहा वर्षांची मुले एका वर्गात ठेवतात, ती उगाच नव्हे. आजच्या आपल्या मुलांना शाळेत समवयस्क, शिकवणीत समवयस्क, सोसायटीच्या खेळातही समवयस्कच भेटतात. भाऊबहीण एकमेकांना भेटतात ती रात्रीच्या जेवणाला, आणि तेव्हा समोर टीव्ही असतो. सुट्टीतही त्यांची ताटातूट व्हावी, हे मनाला पटत नाही. डिस्नेच्या जहाजांवर सुरुवातीला लहानांचा विभाग वेगळा आणि त्यांच्याहून मोठ्यांचा वेगळा होता. पुढे ती भिंत काढली. आता ३ ते १० वर्षांच्या मुलांना दोन्ही विभाग खुले असतात. तिथे कुणाला खाली उतरावे लागत नाही, दोघे एकाच अंगणात असतात. हवे तेव्हा एकत्र, नको तेव्हा आपापल्या कोपऱ्यात. विकासवाडीचे आवार मला इथे दिसते.

त्याच जहाजांवर अकरा ते चौदा आणि चौदा ते सतरा असे किशोरांचे दोन क्लब आहेत. चौदावे वर्ष दोन्हीकडे मोजले आहे. आपण धाकट्यांत राहायचे की थोरल्यांत जायचे, हे त्या वयाच्या मुलावर सोपवलेले असते. ही चौदाव्या वर्षाची मुभा नवव्या वर्षालाही द्यायला काय हरकत आहे?

म्हणून आईवडिलांना माझे सांगणे एवढेच. पैसे भरण्यापूर्वी वयोगटांचा तक्ता मागून घ्या आणि आपल्या मुलांची वये त्यावर ठेवून पाहा. सहल कंपन्यांनी तो माहितीपत्रकात छापावा. जैन जेवणाला जागा मिळते, तर यालाही मिळेल. रेघ आपल्या मुलांच्या मध्ये पडत असेल, तर घरीच दोघांशी बोला. धाकटा पहिल्या दिवशी रडेल, हे धरून चाला. त्याच्याजवळ अर्धा तास बसायला आई आहे, बाप आहे, आजी आहे. थोरलीला विचारायचेच असेल तर धाकट्यासमोर, दारात उभे करून विचारू नका. तिथे 'नाही' म्हणायची तिला सोयच नसते. एकटीला विचारा, आणि 'नाही' आले तर ते ऐका. ती 'हो' म्हणाली तर तासाची मर्यादा घाला. दिवसातला एखादा तास सगळ्यांनी मिळून तलावावर किंवा पत्त्यांच्या डावात घालवा. भावंडांचे प्रेम त्या तासात वाढेल. बुटक्या खुर्चीवर बसवून ते वाढवता येत नाही.

आपण कर्ज देताना जामीनदाराला आधी विचारतो, त्याची सही घेतो, त्याच्या डोक्यावर काय येणार ते समजावून सांगतो. घरातल्या थोरल्या मुलाला मात्र आपण न विचारता जामीन ठेवतो, तेही जन्मभरासाठी. निदान चार रात्रींच्या सुट्टीपुरते त्याला मोकळे करावे. नऊ वर्षांच्या मुलीला नऊ वर्षांची असण्यासाठी मिळणारे दिवस तसेही मोजकेच असतात.