आय-नाइनचा आग्रह आणि मदरबोर्डाची उपेक्षा

घरी व्हिडिओ एडिटिंगसाठी संगणक जोडताना परवडेल तेवढा मोठा प्रोसेसर घ्यावा आणि उरलेल्या पैशांत मिळेल तो मदरबोर्ड बसवावा, हा सल्ला अलिबागपासून श्रीवर्धनपर्यंत सर्रास ऐकायला मिळतो. त्यामागे दोन गृहीतके आहेत. जितके कोअर जास्त तितके एडिटिंग वेगवान, हे एक. मदरबोर्डाचे काम फक्त भाग जोडण्याचे, तेव्हा सगळे बोर्ड सारखेच, हे दुसरे. दोन्ही चुकीची आहेत, आणि रायगडच्या किनाऱ्यावर ती चूक जास्तच महागात पडते.

पहिल्या गृहीतकात काहीच तथ्य नाही असे नाही. इफेक्ट रेंडर करताना किंवा तयार फिल्म एक्स्पोर्ट करताना जास्त कोअर नक्कीच कामी येतात. पण हळदीचे, आगरी-कोळी गाण्याचे किंवा किनाऱ्यावरच्या बैलगाडी शर्यतीचे फुटेज कापणाऱ्याचा बहुतेक वेळ टाइमलाइनवर मागे-पुढे करण्यात जातो, आणि तिथे संगणक अडतो तो डिकोडिंगपाशी. एच.२६४ आणि एच.२६५ या पद्धतींत कॅमेरा प्रत्येक फ्रेम पूर्ण साठवत नाही. ठरावीक अंतराने एक पूर्ण फ्रेम ठेवतो आणि मधल्या फ्रेममध्ये फक्त काय बदलले तेवढे नोंदवतो. एडिटरने मध्येच कुठे क्लिक केले, की संगणकाला मागच्या पूर्ण फ्रेमपासून सगळे बदल जुळवत तिथवर यावे लागते. नवरीला हळद लावतानाचे तीन कॅमेऱ्यांचे फुटेज एकावर एक लावले, की हेच काम तिप्पट होते.

या कामासाठी प्रोसेसरच्या अंगभूत ग्राफिक्समध्ये वेगळे सर्किटच असते. इंटेलने ते २०११ साली क्विक सिंक या नावाने आणले. ते काय काय उलगडू शकते, हे मात्र पिढीवर अवलंबून असते. आजचे बरेच कॅमेरे १०-बिट ४:२:२ चित्रण करतात. त्यात नेहमीच्या ४:२:० च्या दुप्पट रंगमाहिती असते. इंटेलचे अकराव्या पिढीपासूनचे डेस्कटॉप प्रोसेसर असे एच.२६५ फुटेज हार्डवेअरवर उलगडतात. एएमडीच्या रायझन ७००० मालिकेच्या अंगभूत ग्राफिक्सला ते जमत नाही. एनव्हिडियाच्या कार्डांत ही सोय २०२५ च्या आरटीएक्स ५० मालिकेपासून आली. त्यामुळे ‘कार्ड घेतले आहे ना, मग एफ प्रोसेसर चालेल’ हा सल्ला एडिटरच्या मुळावर येतो. आय-फाइव्ह १२४०० आणि १२४००एफ या दोघांत कोअर सहा-सहाच आणि वेगही तोच. पण एफमध्ये ग्राफिक्स बंद, म्हणजे क्विक सिंकही गेले. गेम खेळणाऱ्याचे त्यात काही बिघडत नाही. एडिटर मात्र थोडे पैसे वाचवून आपल्या कामाचा भागच सोडून देतो.

निवड खरे तर कॅमेऱ्याच्या मेनूपासूनच सुरू होते. सोनी ए७ फोरमध्ये एक्सएव्हीसी एस म्हणजे एच.२६४ आणि एक्सएव्हीसी एचएस म्हणजे एच.२६५. बाराव्या ते चौदाव्या पिढीचे क्विक सिंक एच.२६४ मधले १०-बिट ४:२:२ उलगडत नाही, म्हणून अशा संगणकासाठी चित्रण एचएसमध्ये करावे. फुटेज ८-बिट ४:२:० असेल, तर हा सगळा वाद गळून पडतो आणि रायझन ७ ७७०० तितकाच चांगला ठरतो. प्रॉक्सी फाइल, म्हणजे फुटेजच्या हलक्या प्रती, केल्या की कोणताही प्रोसेसर चालतो, असाही युक्तिवाद होतो. तो खरा आहे, पण अपुरा आहे. प्रॉक्सी बनवताना मूळ फुटेज एकदा पूर्ण उलगडावेच लागते, आणि ते काम रात्रभर लावून ठेवायचे तर वीज टिकायला हवी.

विजेची गोष्ट इथे गौण नाही. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ याच किनाऱ्यावर आदळले, विजेचे खांब आडवे झाले आणि अनेक गावे कित्येक दिवस अंधारात होती. एरवीही पावसाळ्यात वीज जाणे नित्याचे आहे. घरोघरी दिसणारा ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॉटचा भार पेलतो. आय-नाइन १३९००के पूर्ण भारावर २५३ वॉट खातो. त्यात २०० वॉटचे कार्ड मिळवले की एक्स्पोर्टच्या मध्यावर वीज जाताच यूपीएसही मान टाकतो. १२४०० ची कमाल ११७ वॉट आहे. इथे प्रोसेसरचे वॉट त्याच्या कोअरइतकेच बारकाईने बघायला हवेत.

आता बोर्ड. प्रोसेसरला लागणारा कमी व्होल्टेजचा, भरपूर करंटचा पुरवठा बोर्डावरचे व्हीआरएम करते. आय-सेव्हन १३७०० च्या माहितीपत्रकात ६५ वॉट लिहिलेले असते, पण तो २१९ वॉटपर्यंत जातो. तो स्वस्त एच६१० बोर्डावर बसवला आणि व्हीआरएमवर हीटसिंकही नसला, तर मे महिन्यात एसी नसलेल्या खोलीत बोर्ड तापतो, प्रोसेसरला वेग कमी करावा लागतो आणि सोळा कोअरचे पैसे मोजूनही एक्स्पोर्ट रेंगाळते. एच६१० वर रॅमचे स्लॉट दोनच आणि एम.२ एसएसडीची जागा बहुधा एकच. दोन स्लॉटांचा फारसा बाऊ नको. डीडीआर५ च्या चार पट्ट्या लावल्या की त्यांचा वेग उतरतो, तेव्हा १६ जीबीच्या दोन पट्ट्याच योग्य. एकाच एम.२ ची अडचण मात्र खरी आहे. सॉफ्टवेअर एका एसएसडीवर आणि चालू फुटेज दुसऱ्यावर असावे, आणि ती सोय बी७६० बोर्डांवर सहज मिळते.

बोर्डाचे महत्त्व २०२४ साली सगळ्यांसमोर आले. इंटेलच्या तेराव्या-चौदाव्या पिढीचे अनेक प्रोसेसर जादा व्होल्टेजमुळे अस्थिर होऊ लागले. त्यावरचा मायक्रोकोड ऑगस्टपासून आला तो बोर्ड कंपन्यांच्या बायोस अपडेटमधून. जी कंपनी बायोस वेळेवर देते, तिच्याच बोर्डावर प्रोसेसर सुरक्षित.

खाऱ्या हवेचा मुद्दाही बोर्डाशीच जोडलेला आहे. मीठ साधारण ७५ टक्के आर्द्रतेला हवेतले पाणी ओढून घेते, आणि पावसाळ्यात किनाऱ्यावर आर्द्रता त्याच्या वर असते. धूळ, मीठ आणि ओल यांचा थर बोर्डावर साचला की संपर्कबिंदू गंजतात. गंज सहसा वॉरंटीत बसत नाही. कॅबिनेटच्या पंख्यांना जाळी हवी, आणि संगणक पावसाळाभर झाकून ठेवण्यापेक्षा रोज थोडा वेळ चालवलेला बरा, कारण आतली ऊब ओल धरू देत नाही.

तेव्हा ४:२:२ फुटेज कापणाऱ्याने एफ नसलेला आय-फाइव्ह १३५०० किंवा आय-सेव्हन १२७०० घ्यावा, आणि त्याला व्हीआरएमवर हीटसिंक व किमान दोन एम.२ असलेला बी७६० बोर्ड जोडावा. फुटेज ८-बिट असेल आणि पुढे प्रोसेसर बदलण्याचा विचार असेल, तर एएम५ सॉकेटचा बी६५० बोर्ड अधिक शहाणपणाचा. एएमडीने एएम५ ला किमान २०२७ पर्यंत पाठबळ जाहीर केले आहे, तर इंटेलचे एलजीए १७०० सॉकेट चौदाव्या पिढीवर थांबले. मॅक मिनी वीज कमी खातो आणि ४:२:२ ही सहज उलगडतो, पण त्याची रॅम नंतर वाढवता येत नाही. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून भाग आणणाऱ्याने बायोस दुकानातच अद्ययावत करून घ्यावा आणि आपल्याच कॅमेऱ्याच्या कार्डावरचे फुटेज तिथे चालवून पाहावे. बोटीने मांडव्याला उतरल्यावर भाग बदलून आणायचा, तर पुन्हा समुद्र ओलांडावा लागतो.